दुभाष्यांचे आकाश

‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ २००६ साली आला तो केवळ विंडोजसाठी. आम्ही तो लिनक्सवर चालवतो. मध्ये दुभाषी म्हणून बसते ती १९९३पासून घडत आलेली ‘वाइन’. ती विंडोजच्या यंत्राचे सोंग घेत नाही. सिम्युलेटरने विंडोजला घातलेली हाक लिनक्सला कळेल अशी करून सांगते. डायरेक्टथ्रीडीच्या चित्र-आज्ञा ‘डीएक्सव्हीके’ तशाच व्हल्कनमध्ये उतरवते.

लिनक्सवर थेट चालणारे ‘फ्लाइटगिअर’ असताना हा खटाटोप कशाला, असे मित्र विचारतात. पण आमचा हात बसला तो याच आकाशात. ते रचणारा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००९ साली बंद केला. तरीही आमचे सेसना आजही धावपट्टी सोडते, ते या दुभाष्यांच्या भरवशावर. कर्ते पांगल्यावरही कृती जिवंत ठेवणे, हे आम्हांस भाषांतराचेच काम वाटते.