शीर नसलेली आई

आमची कुलदेवता माहूरची रेणुका. त्यामुळे परशुरामाने आईचे शीर उडवल्याची कथा आम्ही कोणत्याही पुस्तकाआधी आईच्या तोंडून ऐकली. जमदग्नीचा संशय, चार मुलांचा नकार, पाचव्याचा परशू. कथा संपली की आमच्याकडे न पाहता आई समईची वात सारखी करी. माहूरला देवीचे नुसते मुखच का पुजले जाते, या प्रश्नाला घरात एवढे एकच उत्तर होते.

पुढे एम. ए.ला लोकसाहित्य घेतले आणि रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' (१९७८) हा ग्रंथ हाती आला. तेर, भोकरदन येथे सापडलेल्या त्या लहानशा प्रतिमा : पाय फाकून प्रसवमुद्रेत असलेली देवी, आणि शिराच्या जागी, अनेकदा, उमललेले कमळ. ढेरे तिला भूमीच्या सर्जनशक्तीचे रूप मानतात आणि रेणुका, यल्लम्मा, गोव्यात वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सांतेरी यांना तिच्याच परिवारात आणून बसवतात. वाचताना आम्हांला वाटले, हिचे शीर कोणी उडवलेलेच नाही! ते मुळात नव्हते. बिनशिराच्या मूर्तीचा अर्थ हरपल्यावर कोणीतरी शिरच्छेदाची कथा रचली असावी.

आज वर्गात हे इतक्या ठामपणे सांगवत नाही. त्या प्रतिमा बहुतांशी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतल्या. महाभारताची संहिताही त्याच सुमारास आकाराला येत होती. आधी मूर्ती की आधी कथा, हे नुसत्या कालगणनेने सुटत नाही. पण तेव्हा वय बाविशीचे होते. असो.

सुट्टीत घरी गेल्यावर आम्ही आईला सगळे उत्साहाने सांगितले. (वारूळ हे भूमीच्या योनीचे प्रतीक, एवढे मात्र गाळले.) ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिने विचारले,

"म्हणजे त्या मुलानं आईला मारलं नव्हतं तर?"

संशोधन असे म्हणत नाही. कथेचा उगम सांगणे म्हणजे कथेतल्या माणसाला निर्दोष सोडणे नव्हे, हे आम्हांला तेव्हाही कळत होते. तरी आम्ही म्हणालो, "नव्हतं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

पुढच्याच नवरात्रात भाच्यांना तिने तीच कथा, परशूसकट, सांगितली. आम्ही हटकले, तर म्हणाली, "अरे, गोष्ट आहे ती. गोष्टीत मारलंच त्यानं."

वनपर्वातली मूळ कथा आम्ही नीट वाचली ती अध्यापनाच्या निमित्ताने, फार उशिरा. तिथे प्रसन्न झालेल्या पित्याकडे परशुराम आई जिवंत होण्याचा वर मागतो आणि त्यालाच जोडून आणखी एक : झालेला वध तिला आठवू नये. आईच्या कथेत हा वर कधीच नव्हता. आम्हांला तो सापडला तेव्हा तिला जाऊन दोन वर्षे झाली होती.