आमचे नाहूर : एकास सत्त्याऐंशी

ठाण्याकडे जाणाऱ्या जलद गाडीने आपण कधी गेला असाल, तर नाहूर आपण पाहिले आहे. पण पाहिल्याचे आपल्याला आठवत नसेल. भांडुप गेले म्हणून आपण वर्तमानपत्राची घडी घालता, फळीवरची पिशवी काढता, तो मुलुंड येते. त्या दोहोंच्या मध्ये जे एक स्टेशन धडधडत मागे पडते, ते आमचे गाव. जलद गाड्या इथे थांबत नाहीत.

दिवाळी अंकात प्रवासाचा लेख लिहायचा, तर काश्मीर हवे, निदान महाबळेश्वर तरी हवे. मी मात्र गेली तीन वर्षे नाहूरचाच प्रवास करतो आहे. आणि तोही घरातल्या घरात, पायात स्लिपर घालून. आमच्या दिवाणखान्यात जेवणाचे टेबल होते. ते गेले, आणि त्या जागी आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवुडचा अख्खा तक्ता आला. त्यावर रूळ आहेत, रुळांवर लोकल आहे, विजेचे खांब आहेत, मागे डोंगर आहे. आम्ही पुन्हा पाटावर बसून जेवू लागलो. "तुमची गाडी वेळेवर धावते, पण आमच्या गुडघ्यांचं काय?" असे मंडळी अधूनमधून विचारतात.

या छंदाचे एक माप ठरलेले आहे. खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करायची. जगभरातले पुष्कळ हौशी लोक याच मापाने रेल्वे बनवतात. हॅम्बुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेले अवाढव्य प्रदर्शनही याच मापाचे आहे. मुंबईच्या लोकलचा डबा लांबीला सुमारे एकवीस मीटर. त्याला ८७ ने भागले की वीतभरापेक्षा थोडा मोठा, चोवीस सेंटिमीटरचा डबा होतो. हिशेब सोपा आहे. मात्र खोली हिशेबात बसत नाही. बारा डब्यांची गाडी केली तर ती साडेनऊ फूट होते, म्हणजे तक्त्याच्या बाहेर दीड फूट लोंबकळणार! भांडुप ते मुलुंड सुमारे चार किलोमीटर. तेवढे अंतर या मापात बसवायचे तर सेहेचाळीस मीटरचा दिवाणखाना लागेल. तेव्हा आमची लोकल तीन डब्यांची आहे, आणि भांडुप ते मुलुंड हे अंतर एका टाळीचे आहे. नातू टाळी वाजवतो, तोवर गाडी पोहोचलेली असते.

चार माणसांत नाहूरला कुणी विचारत नाही म्हणून सांगतो, या देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेची कल्पना आमच्याच शेजारची आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असताना, मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्ग न्यावा, असे त्यांच्या मनात आले. पुढे दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन पहिली गाडी ठाण्याला निघाली. ओढायला तीन इंजिने होती : साहिब, सिंध आणि सुलतान. ती गाडी भांडुप ओलांडून आमच्याच शिवारातून ठाण्याला गेली. नाहूरला तीही थांबली नाही.

हा छंद साहेबाचा, असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या मराठी मुलाने दिवाळीत अंगणात किल्ला केला आहे, त्याला यातले निम्मे काम येते. मातीचा डोंगर, त्यावर अळिवाचे हिरवे रान, आरशाच्या तुकड्याचे तळे, बुरुजावर मावळा. आमच्या चाळीच्या अंगणात बाबा आणि मी दरवर्षी किल्ला करीत असू. महाराज मावळ्यांपेक्षा आणि मावळे दरवाजापेक्षा मोठे असत. त्याचे आम्हांला काही वाटत नसे. माप आले, आणि मनाची शांती गेली.

मी शाळेत चित्रकला शिकवीत होतो. त्यामुळे ब्लेड, पुठ्ठा, सरस यांच्याशी जन्माची ओळख. डब्याच्या भिंती मी पातळ पुठ्ठ्याच्या कापतो. आधी सगळ्या खिडक्या कोरायच्या, मग दारे, आणि शेवटी बाहेरची रेघ. उलट केले तर भिंत हातात वाकते. छप्पर लाकडाचे, पॉलिश कागदाने घासून गोल केलेले. चाके आणि मोटर तेवढी विकत आणावी लागते. मग रंग. मी नोकरीला ज्या पिवळ्या-तपकिरी डब्यांतून लोंबकळत गेलो, तोच रंग दिला. पहिला डबा रंगवून रुळांवर ठेवला, तर तो जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसू लागला. कारण लवकर ध्यानात आले : तो स्वच्छ होता! मुंबईची लोकल खरी दिसायला हवी, तर ती मळवावी लागते. चाकांजवळ ब्रेकच्या भुकटीचा तांबूस थर, छपरावर काजळी, दाराच्या कडेला हजारो हातांनी झिजलेला रंग. रंगवायला दोन दिवस लागले, मळवायला पंधरा.

देखाव्याचे सामान बाजारात शोधू नये, स्वयंपाकघरात शोधावे. चहाचा चोथा धुऊन वाळवला की उत्तम माती होते. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवला की गवत. तांब्याची तार पिळून, तिच्या टोकांना स्पंजचे कपटे चिकटवले की झाड. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे विजेचे खांब झाले. रुळांखालची खडी दगडाची भुकटी चाळून केली. आणि ती चाळण्यासाठी घरातली रव्याची चाळणी वापरली, हे घरात कळायला दोन दिवस लागले. खडी कोरडीच पसरावी, आणि मग पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने थेंब थेंब सोडावा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तो खडीत मुरतो. नाही तर वरच गोळे होऊन बसतो.

एक चूक मात्र कबूल करतो. रुळांच्या पूर्वेला, हमरस्त्यापलीकडे खाडीकडे मिठागरे आहेत. लहानपणी आमच्या खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसत. मला वाटले, मिठाचे ढीग मिठाचेच करावेत. याहून अस्सल ते काय? उन्हाळाभर ते फार शोभले. जूनमध्ये पाऊस आला, आणि मिठाला पाणी सुटले. ते रुळांखाली शिरले, प्लायवुड फुगले, तारांचे जोड हिरवे पडले, आणि गाडी त्या जागी आली की थांबू लागली. पावसात मुंबईची लोकल बंद पडते, हे इतक्या अस्सलपणे दाखवायचा माझा विचार नव्हता. आता ते ढीग प्लास्टरचे आहेत.

मिठातून सुटलो, तो रुळांत सापडलो. आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक अण्णा राहतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तक्ता न्याहाळला आणि म्हणाले, "मास्तर, सगळं झकास. पण हे रूळ आपले नव्हेत."

"म्हणजे?"

"अरुंद आहेत. मोजून बघा."

मी मोजले. बाजारात मिळणारे या मापाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. युरोपातल्या रुळांत १,४३५ मिलिमीटरचे अंतर असते; त्याला ८७ ने भागले की बरोबर साडेसोळा. पण आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. तिचे उत्तर येते सव्वाएकोणीस. म्हणजे आमची लोकल पावणेतीन मिलिमीटरनी खोटी! डबा आपल्या मापाचा, चाके परक्या मापाची. पायांत पोराच्या वहाणा घातलेल्या पहिलवानासारखी. दुरुस्त करायचे, तर सारे रूळ उखडून हाताने नवे ठोकायचे, सांधे नव्याने घडवायचे, प्रत्येक चाक रुंद करायचे. वर्षभराचे काम. आठ दिवस मला झोप आली नाही. मंडळी म्हणाल्या, "अहो, पावणेतीन मिलिमीटर म्हणजे तांदळाची जाडीसुद्धा नाही." ते काही खरे नव्हे, पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

या छंदाचे महाराष्ट्रातले पंढरपूर म्हणजे पुणे. तिथे कोथरुडात, कर्वे रस्त्याच्या लगत, भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभारलेले लहान रेल्वेंचे संग्रहालय आहे; १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी उघडले. रुळांचा सल्ला तिथेच घ्यावा, म्हणून नातवाला घेऊन मी ठाण्याहून पुण्याची गाडी धरली. वर्षानुवर्षांच्या कामाने उभे राहिलेले ते अख्खे गाव! सिग्नल, कुंपणे, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल, आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या. मी खिशात मोजपट्टी घेऊन गेलो होतो. तेवढ्यात खोलीतला दिवस हळूहळू मावळला, आणि त्या इवल्याशा गावात खिडक्याखिडक्यांतून दिवे लागले. आजूबाजूची सारी माणसे गप्प झाली. नातवाने माझी बाही ओढली आणि कुजबुजला, "आजोबा, त्या घरात कोण राहतं?"

मोजपट्टी खिशातच राहिली. परतीच्या वाटेवर, बोगद्यामागून बोगदे जात होते तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या नाहूरमध्ये कुणीच राहत नाही. मी चार महिने खपून स्टेशन केले होते. फलाट, छप्पर, पादचारी पूल, पिवळ्या पाटीवर 'नाहूर'. पण फलाटावर एक माणूस नव्हते.

घरी आलो. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. आई यंदा सत्त्याऐंशी वर्षांची, माझ्या मापाइतकीच. जिना उतरणे सुटल्यापासून तिचे नाहूर खिडकीएवढे झाले आहे. तिला खुर्चीसकट तक्त्याजवळ नेले आणि विचारले, "आई, ओळखू येतंय का गाव?" तिने पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाली, "ह्यांची वाट कुठाय?"

मला क्षणभर समजले नाही.

"अरे, भांडुपहून यायची वाट. तेव्हा स्टेशन कुठं होतं इथं?"

बाबा फोर्टात एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळी भांडुपला उतरायचे आणि रुळांच्या कडेच्या पायवाटेने, हातात विजेरी घेऊन, चालत घरी यायचे. आज असे चालणे गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. तेव्हा आमच्या वस्तीला दुसरा जवळचा रस्ता नव्हता. त्यांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला की आई भात चुलीवर चढवी. भात शिजेपर्यंत बाबा दारात. पावसाळ्यात कधी भात होऊन खाली उतरला, तरी विजेरीचा उजेड दिसत नसे. मग आई कंदील खिडकीत ठेवून उभी राही, आणि आम्ही पोरे ताटे मांडून गप्प बसून असू. हे सारे मला ठाऊक होते. आणि मी चार महिने फलाटावर फरशा बसवीत होतो!

त्या रात्री मी पातळ सुरी घेऊन फलाट अलगद सोडवला. सकाळी नातवाने हंबरडा फोडला, "आजोबा, मग आता गाडी थांबणार कुठं?" त्याचेही खोटे नव्हते. त्याच्या नाहूरला स्टेशन आहे. तो रोज तिथूनच शाळेला जातो. शेवटी फलाटाला खालून चार स्क्रू बसवले. दिवसा स्टेशन असते. ते नातवाचे नाहूर. दिवेलागणीला मी फलाट उचलून कपाटात ठेवतो आणि त्याखालची चहाच्या चोथ्याची पायवाट मोकळी होते. ते आईचे.

मग बाबा केले. उदबत्तीच्या काडीवर एम-सीलचा थर देऊन सुईने कोरले. धोतर, कोट, काखेत छत्री. त्यांची उंची साडेपाच फूट. भागाकार केला तर उत्तर आले सव्वाएकोणीस मिलिमीटर. मी पेन्सिल खाली ठेवली. ब्रॉडगेजची रुंदीही नेमकी साडेपाच फूटच! तीस-पस्तीस वर्षे ज्या रुळांच्या कडेने बाबा चालले, ते त्यांच्या उंचीइतकेच रुंद होते, हे मला या वयात कळले. अण्णांना सांगितले, तर ते म्हणाले, "बघा, आता तरी रूळ बदला."

मी बदलले नाहीत. इंजिनाला बारा व्होल्टची डीसी वीज लागते. बाहेरच्या लोकल आता एसीवर धावतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरची डीसीही संपली. आमच्या दिवाणखान्यात ती अजून चालू आहे. त्याच विजेवर मोहरीएवढा एक दिवा बाबांच्या हातात लावला.

परवा, वसुबारसेच्या संध्याकाळी, घरातले दिवे मालवून तो पहिल्यांदा पेटवला. नातवाने कळ फिरवली. तीन डब्यांची गाडी भांडुपच्या बाजूने आली, न थांबता पुढे गेली. आणि तिच्यामागे, रुळांच्या कडेला, अंधारात तो एक ठिपका राहिला. त्याच वेळी बाहेरून खरी जलद गाडी गेली आणि तक्ता नेहमीसारखा थरथरला, ठिपकाही हलला. चालल्यासारखा.

आई खुर्चीत पुढे झुकली होती. कोणी काही बोलले नाही. मग तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, भात टाकलास का गं?"

कुकर केव्हाच झाला होता. पण मंडळी काही न बोलता उठल्या, आणि मूठभर तांदूळ धुऊन त्यांनी पातेले गॅसवर चढवले.