एकदम की हळूहळू?

भरलेली पिकअप चढाला लागली आणि तिसऱ्या गिअरला तिनं अचानक दम सोडला, की पूर्वीचा ड्रायव्हर आधी कान द्यायचा. आताचा ड्रायव्हर डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे बघतो. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत आमच्या नेसरीच्या रस्त्यावर काय बदललं, ते एवढ्यावरून कळतं.

नेसरी गडहिंग्लज तालुक्यातलं, गडहिंग्लज-चंदगड रस्त्यावरचं गाव. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार २४ फेब्रुवारी १६७४ रोजी इथल्या खिंडीत पडले, म्हणून इतिहासात त्याचं नाव आहे. रोजच्या व्यवहारात मात्र हे वाटांचं गाव. इथून आजऱ्याला जाता येतं, कोवाडवरून बेळगाव गाठता येतं, चंदगडच्या पुढं तिलारी घाट उतरला की दोडामार्ग. रताळी बेळगावच्या मार्केटला, मिरची गडहिंग्लजला, गूळ कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात, भाजी आंबोली उतरून सावंतवाडीकडे. येताना नारळ, नाहीतर चिरे. टाटांची ४०७ गाडी १९८६ साली आली. महिंद्राच्या जीपच्या घराण्यातल्या, मागं हौदा असलेल्या गाड्याही त्या काळात आमच्याकडं दिसू लागल्या, आणि पुढं बोलेरो पिकअपनं तर प्रत्येक वाडीत घर केलं. महिंद्राच्या आधीच्या गाड्यांत प्यूजोचं इंजिन असायचं. थंडीत सकाळी किल्ली फिरवून हीटर लावायचा, थोडं थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. नंतर २५२३ सीसीचं, डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं डीआय इंजिन आलं आणि तो थांबा संपला. ताकद म्हणाल तर साठ-सत्तर घोड्यांची. तेवढ्यावर या गाड्यांनी परवान्यात लिहिलेलं आणि न लिहिलेलंही ओझं ओढलं. अशा गाडीची ताकद थोडीशी जरी कमी झाली, तरी चढावर ती लगेच उघडी पडते.

डिझेल इंजिनाची ओळख आमच्या गावाला गाडीनं करून दिलेली नाही. ती विहिरीवरच्या आणि नदीकाठच्या ऑइल इंजिनानं करून दिली. किर्लोस्करचं, साताऱ्याच्या कूपरचं, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार झालेलं. पिकाला पाणी सुरू असताना टाकी कोरडी पडली की डिझेलच्या लाइनीत हवा शिरायची. मग नुसतं डिझेल ओतून इंजिन चालू होत नसे. फिल्टरवरचा नट सैल करायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, नुसतं डिझेल वाहू लागलं की आवळायचा. हे काम शाळकरी पोरं करायची. डिझेल दाबलं तरी आकसत नाही, हवा मात्र दाबली की आकसते आणि नोझल उघडतच नाही. हे पदार्थविज्ञान आम्ही पुस्तकाआधी बांधावर शिकलो. त्यामुळं गाडी आली तेव्हा ‘एअर धरली’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

नेसरीतल्या त्या वेळच्या मेस्त्रींची तपासणी बोनेट उघडण्याआधी सुरू व्हायची. ड्रायव्हर म्हणायचा, “मेस्त्री, गाडी उचलंना झाल्या.” मेस्त्री हातातलं काम न सोडता विचारायचे, “एकदम झालं का हळूहळू?” मग, “भरल्यावर का रिकामी असताना पण?” “धूर कसला सोडत्या?” “डिझेल कुठं भरलंस?” “टाकीत किती हाय?” या प्रश्नांत निम्मं निदान होऊन जायचं, आणि त्यातला पहिला प्रश्न सगळ्यांत मोलाचा. इंजिनाची झीज एका दिवसात होत नाही. रिंगा, बोअर, व्हॉल्व्ह, नोझल यांनी दगा दिला तर तो महिनोन् महिने देतात. ॲव्हरेज कमी होतं, गाडी ऑइल प्यायला लागते, सकाळी चालू व्हायला त्रास देते. काल चढलेला चढ आज चढत नाही म्हटल्यावर बहुतेक वेळा कुठली तरी वाट अडलेली असते, नाहीतर काहीतरी निसटलेलं असतं. डिझेलची वाट, हवेची वाट, धुराची वाट. ॲक्सिलरेटरची केबल सैल होऊन पंपाचा लिव्हर पुरता उघडत नसला, तरी गाडी तशीच वागते. तो शोध पाच मिनिटांचा. एकानं आत बसून पाय पूर्ण दाबायचा, दुसऱ्यानं लिव्हर बघायचा.

त्याही आधी मेस्त्री खात्री करून घ्यायचे की दोष इंजिनाचाच आहे. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चारी चाकांजवळ हात नेऊन बघायचे. एखादा ड्रम जास्त तापलेला असला की ब्रेक धरून बसलाय, इंजिन बिचारं त्याच्याशी झगडतंय. इंजिन रेस होतंय, गाडी मात्र पुढं जात नाही आणि जळका वास येतोय, तर क्लच प्लेट संपली. हे न बघता इंजिन खोलणाऱ्याला ते मेस्त्री मानत नसत.

मग धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जातंय पण हवा कमी पडतेय, किंवा नोझल फवारा मारण्याऐवजी धार सोडतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनानंही पांढरा धूर सोडला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, टायमिंग चुकलंय किंवा आत पाणी शिरतंय. आणि गाडीला दम नाही, तरी धूरही नाही, असं असलं तर मेस्त्री थेट डिझेलच्या वाटेकडे वळायचे. इंजिनाला प्यायलाच मिळत नसेल तर धूर कुठून निघणार? टाकीतली जाळी, फीड पंप, फिल्टर, त्यांना जोडणारे पाइप आणि वॉशर, या क्रमानं. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या ओढीच्या बाजूला कुठल्याही जोडाला बारीकशी फट असली तर चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून कोरडा दिसणारा जोडसुद्धा निर्दोष मानायचा नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे.

आमच्याकडच्या पावसाचा यात मोठा हात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि आजरा-चंदगडचा पश्चिम भागही त्याच ढगांखाली. अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ओली हवा शिरते, रात्री पाणी धरतं, ते डिझेलपेक्षा जड असल्यानं तळाला बसतं. पूर्वी गावाकडं डिझेल बॅरलमधून विकलं जायचं, त्यातलं पाणी वेगळं. म्हणून पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा नट सोडून पाणी काढणं हा नेहमीचा उद्योग. रॉकेलच्या भेसळीचा त्रासही होताच. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं की गाडी त्या दिवशी चालायची, पण पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलच देतं. पातळ रॉकेलनं ते भाग घासत आणि काही महिन्यांनी पंपच दम सोडायचा.

एक दोष मला आजही विसरता येत नाही. एक पिकअप अर्धा तास झक्क चालायची, मग दम सोडून बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. फिल्टर नवा, फीड पंप चांगला, लाइनीत हवा नाही. मेस्त्रींनी ड्रायव्हरला सांगितलं, “बंद पडली की टाकीचं झाकण उघड आणि कान लाव.” झाकण उघडताच फस्सकन हवा आत गेली आणि गाडी लगेच पळाली. टाकीला हवा घेण्यासाठी असलेली नळी कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकली होती. डिझेल खर्च होईल तशी आत पोकळी तयार होत होती आणि फीड पंपाला डिझेल ओढवेना झालं होतं. एक तार फिरवली, माती पडली, काम झालं. असलं निदान सुटे भाग बदलून होत नाही. गाडी कधी चालते, कधी थांबते आणि मध्ये काय घडतं, याची साखळी डोक्यात जुळवावी लागते.

चार सिलिंडरपैकी एखादा मार खात असेल तर तो शोधायची रीत ऐकण्यासारखी होती, अगदी शब्दशः. इंजिन हळू चालू ठेवायचं आणि नोझलच्या पाइपचा नट एकेक करून सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन अडखळतं, आवाज बदलतो. ज्याचा सोडल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवायचं. ते थुईथुई नाचायला लागलं तर रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन खाली उतरतंय. सायलेन्सर आतून तुटून बसल्याची शंका आली तर पाइप सोडून एक चक्कर मारायची. अख्ख्या गावाला ते कळायचं.

हे सगळं करूनही उत्तर नाही मिळालं तर पंप उतरायचा. तो डिझेल पंप धुऊन, पोत्यात गुंडाळून एसटीनं बेळगावला किंवा कोल्हापूरला जायचा. तिथं बंद खोलीत टेस्ट बेंच असायचा, काचेच्या नळ्यांत प्रत्येक प्लंजरचं डिझेल मोजलं जायचं. भिंतीवर मायकोची पाटी. ही कंपनी १९५१ साली बंगळूरला सुरू झाली. नाशिकलाही तिचा कारखाना आहे, तिथं नोझल आणि इंजेक्टर बनतात. २००८ मध्ये मायकोचं नाव अधिकृतपणे बॉश झालं, तरी जुने लोक अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतात. पंप परत येईपर्यंत गाडी झाडाखाली उभी, आणि ड्रायव्हर रोज एकदा येऊन बसणार. त्या बसण्यात गप्पा व्हायच्या आणि शिकणंही व्हायचं. कुणाच्या गाडीला काय झालं आणि ते कसं सापडलं, हे गावभर पसरायचं.

आता रस्ता बदलला आणि गाड्याही. संकेश्वर-बांदा मार्ग रुंद झाला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. डिझेलमधलं गंधक आधी दहा लाखांत ५० भागांवर आणि मग १० भागांवर आलं. त्याच्या आधीपासूनच पिकअपमध्ये कॉमन रेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल देणारं, बसू लागलं होतं. टर्बो, इंटरकूलर, धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर, सेन्सर आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा संगणक, म्हणजे ईसीएम. धूर कमी झाला, ओढ वाढली, घाटात मागच्या गाडीला श्वास घेता येऊ लागला. हे चांगलंच झालं, आणि काळा धूर ओकणाऱ्या दिवसांत परत जावं असं मला कधी वाटत नाही.

पण ‘दम गेला’ याचा अर्थच बदलला. जुन्या गाडीचा दम गेला तर तो दोषच असायचा. नव्या गाडीत कित्येकदा ईसीएम स्वतः ठरवून ताकद कमी करतो. एखाद्या सेन्सरकडून विचित्र आकडा आला की इंजिन वाचवण्यासाठी तो गाडीला ठरावीक वेगापुढं जाऊ देत नाही. ड्रायव्हरला वाटतं, पंप गेला. स्कॅनर लावला की कोड सापडतो. आणि इथंच आजची गफलत होते. कोड सांगतो की रेलमध्ये दाब कमी आहे. तो का कमी आहे, हे कोड सांगत नाही. चोंदलेला फिल्टर असेल, पाणी असेल, ओढीच्या पाइपला फट असेल, नाहीतर खरंच महागडा पंप गेला असेल. टर्बोचा दाब कमी म्हणून कोड आला, तर इंटरकूलरच्या होजची क्लिप निसटलेली असू शकते. चढावर शूंऽ असा आवाज आणि मागं काळा धूर ही तिची खूण. सततच्या पावसात भिजलेला कागदी एअर फिल्टरसुद्धा असाच दम कोंडतो. जुन्या ऑइल-बाथ फिल्टरला हा त्रास नव्हता, त्यातलं ऑइल मात्र आमच्या तांबड्या धुळीनं चिखल व्हायचं. आमच्या ओळखीच्या एका गाडीला कोड बघून चारही इंजेक्टर बदलायला सांगितले होते. मालकानं एका जुन्या मेस्त्रींना विचारलं. त्यांनी फिल्टर काढून डिझेल बाटलीत ओतलं आणि घटकाभर ठेवलं. तळाला पाणी स्पष्ट दिसलं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, गाडी घाट चढली.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जुनी विद्या जशीच्या तशी नव्या इंजिनावर चालवणं जिवावर बेतेल. जुन्या पंपाच्या गाडीत पाइपचा नट सैल करणं ही रोजची गोष्ट होती. कॉमन रेलमध्ये १६०० बारपर्यंत दाब असतो. चालू इंजिनावर तो नट सोडला तर सुईसारखी धार कातडीतून आत घुसते, आणि दिसायला टोचल्याएवढी असलेली ती जखम हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. तिथं स्कॅनरवरच प्रत्येक इंजेक्टर बंद-चालू करून बघायचा. जे काम आमचे मेस्त्री पान्ह्यानं करायचे तेच इथं पडद्यावर होतं. तर्क तोच आहे. एकाला बाजूला करायचं आणि बाकीचे काय करतात ते ऐकायचं.

मला हुरहूर वाटते ती पान्ह्याची किंवा धुराची नाही. वाटते ती प्रश्नांची. आज गाडी गॅरेजला गेली की ड्रायव्हरला कुणी काही विचारत नाही, थेट वायर जोडली जाते. ड्रायव्हरही सांगत नाही, कारण आपल्या सांगण्याला किंमत आहे असं त्याला वाटेनासं झालंय. खरं तर घाटात तिच्याबरोबर असतो तो एकटा. कुठल्या वळणावर, कितव्या गिअरला, किती ओझ्यावर ती थकली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

नेसरी, आजरा, चंदगडच्या वाड्यांत डीआय इंजिनाच्या जुन्या पिकअप अजून चालतात आणि बरीच वर्षं चालतील. त्यांच्या मालकांना माझं एवढंच सांगणं आहे: गाडीनं अचानक दम सोडला तर पंप किंवा इंजिन खोलायला हो म्हणण्याआधी चाकं तापलीत का बघा, केबल बघा, एअर फिल्टर काढून बघा, डिझेल फिल्टर बदला, टाकीचं झाकण उघडून चालवून बघा. हा सगळा खर्च काहीशे रुपयांचा आहे. आणि आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून येणाऱ्या पोरांनो, स्कॅनर जरूर शिका, पण गावातल्या जुन्या मेस्त्रींकडे थोडे दिवस बसा आणि त्यांचे प्रश्न वहीत उतरवून घ्या. त्यांतले बरेच जण आता सत्तरीच्या पुढं आहेत.