एका वर्गाचे तीस वाढदिवस

माझ्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या पुष्कळ लोकांचा वाढदिवस १ जूनला तरी येतो, नाहीतर १ जुलैला. ही सारी गुरुजींची कृपा. शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला, की त्याला सहा वर्षे पुरी झाली असे मानायचे. मग मागे मोजून एक सोयीची तारीख रजिस्टरला चढायची. आईला विचारले तर ती सांगायची, "पोळा जवळ आला होता, लई पाऊस होता." अशा जन्माचा खाऊ कोण कधी वाटणार? आमच्या वर्गात तोंड गोड व्हायचे ते १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि मराठवाड्याचे म्हणून १७ सप्टेंबरला. झेंडावंदन झाले की ओंजळीत दोन गोळ्या पडायच्या. त्यातली एक घरी धाकट्यासाठी जायची.

त्या गोळ्या बहुधा रावळगावच्या असत. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगावला साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. महाराष्ट्रातल्या पोरांच्या कित्येक पिढ्या त्यांच्यावर वाढल्या. २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावे रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली. बातमी वाचताना मला आठवली ती चव नव्हे, त्या गोळीची वाट पाहणे आठवले. वर्षभरात मोजकेच दिवस मिळायची, म्हणून तिची किंमत होती.

आता माझी नात कनेरगाव नाक्याला पहिलीत आहे. तिच्या जन्माची तारीख, वेळ, वजन सगळे कागदावर आहे. वर्गातल्या प्रत्येकाचे तसेच आहे. त्यामुळे वर्गात तीस मुले असली तर वर्षात तीस वाढदिवस येतात आणि प्रत्येकाच्या वाढदिवसाला सगळ्यांच्या हातावर चॉकलेट पडते. घरोघरचा हिशेब एकच असतो: वर्षातून एकदाच तर आहे! ते खरेही आहे. पण आपल्या घरचे एकदा म्हणजे वर्गाचे तीसदा. सरासरी दर बारा दिवसांनी एक वाढदिवस झाला. हा हिशेब कुणा एकाच्या घरात दिसत नाही, वर्गात बसल्यावरच दिसतो.

आणि पहिलीचे वय असे, की तोंडात मोठी उलथापालथ चाललेली असते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडावा लागत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. किडली तरी "पडून नवीन येईल" म्हणून सोडून देतात. ती जाते, नवीन मात्र येत नाही. चिकट चॉकलेट नेमके तिच्याच खाचांत जाऊन बसते, तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कवच विरघळू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. पहिलीतल्या लेकराच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे साधारण साडेतीन चहाचे चमचे. आपल्याकडे लेकरू शाळेला निघायच्या आधी गोड चहात बिस्किटे बुडवून खाते, तेव्हाच त्यातली बरीच साखर संपलेली असते. मग कुणी म्हणते, गुळाचे द्या. गुळात लोहाचा अंश असेल, चवही खमंग असेल, पण त्या हिशेबात गूळ आणि मध साखरेच्याच रकान्यात धरलेले आहेत. दाढेलाही त्यांतला फरक कळत नाही. म्हणून चॉकलेटऐवजी चिक्की दिली की आपण सुटलो, असे मला वाटत नाही. शिवाय अंगणवाडीतल्या लहानग्यांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देणे धोक्याचे असते, घशात अडकू शकतात.

मग द्यायचे काय? आमचे गाव याबाबतीत नशीबवान आहे. हा अकोला-नांदेड रस्ता. नाक्याच्या पलीकडे वाशीम, म्हणजे वऱ्हाड. नाक्याच्या अलीकडच्या बाजूला एकेकाळी निजामाचे राज्य होते. राज्ये गेली तरी हद्द अजून जाणवते: जूनमध्ये आमच्या शाळा भरून आठवडा उलटतो तरी पलीकडच्या विदर्भातल्या पोरांची उन्हाळी सुट्टी चालूच असते. पण फळांना हद्द नाही. वरून वऱ्हाडातली संत्री येतात, खालून अर्धापूर-वसमतकडची केळी. हिवाळ्यात पेरू, बोरे, हरभऱ्याचे ढाळे असतातच. केळ्याला आणि संत्र्याला निसर्गानेच वेष्टन दिलेले, त्यामुळे घरचा पदार्थ वर्गात वाटताना शिक्षकांना जी धास्ती असते तीही उरत नाही.

नातीचा वाढदिवस हिवाळ्यातला. संत्री म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न टाकला, "आबा, सगळे च्याकलेट देतात नं? मलाच हसतील." तिच्या आईचे म्हणणेही तेच होते, फक्त जरा सभ्य शब्दांत: लोक म्हणतील, कंजुषी केली. मला वाटते, अडचण खरी इथेच आहे. एक रुपयाची गोळी, पाच रुपयांचे चॉकलेट, मग मोठा केक अशी एक उतरंड वर्गात आपोआप रचली जाते, आणि कुणाच्या बापाची ऐपत किती ते लेकरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. ज्या मजुराच्या घरी त्या दिवशी काहीच जमत नाही, त्याचे पोर वाढदिवसालाच शाळा बुडवते. आरोग्याची गोष्ट करताना ही दुसरी गोष्ट विसरून चालत नाही. खाऊ साधा ठेवला की दाढही वाचते आणि ते पोरही वर्गात येते.

शेवटी आम्ही संत्रीच नेली. बाईंनी मुलांना आपापले सोलायला सांगितले आणि फोडी मोजायचा खेळ लावला. कुणाच्या दहा निघाल्या, कुणाच्या अकरा. ज्याच्या कमी त्याला शेजाऱ्याने एक दिली. सालीच्या चिळकांड्या एकमेकांच्या डोळ्यांत उडवणे झाले, त्यावरून ओरडाही खाल्ला. एकाने "च्याकलेट नाही का?" असे विचारलेच. नात म्हणाली, "तुझ्या बड्डेला तू आण." याहून मोठी क्रांती काही झाली नाही आणि व्हायचीही नव्हती.

सरकारी बाजूनेही वाट मोकळी आहे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण विकणे वेगळे आणि प्रेमाने वाटणे वेगळे. हातावरच्या चॉकलेटला कायदा कसा अडवणार? त्यापेक्षा मला पोषण आहारातली स्नेहभोजनाची सोय अधिक आवडते. वाढदिवसासारख्या निमित्ताने गावातल्या कुणीही शाळेच्या जेवणात आपल्याकडून एखादा पौष्टिक पदार्थ किंवा फळ घालावे, अशी ती कल्पना. त्या दिवशीच्या खिचडीबरोबर सगळ्यांच्या ताटात केळे पडते आणि ते कुणाच्या घरचे, याला फारसे महत्त्व उरत नाही.

आमच्या लहानपणी साखर क्वचित मिळायची, म्हणून गोळी ही भेट होती. आज साखर चहात आहे, बिस्किटात आहे, नाक्यावरच्या प्रत्येक टपरीवर टांगलेली आहे. पोरांना क्वचित मिळते ते ताजे फळ आणि ते सोलत बसायला थोडा निवांत वेळ. वाढदिवसाला जे एरवी मिळत नाही ते द्यावे, ही रीत जुनीच आहे. ती पाळायची तर आता चॉकलेटच्या बरणीकडे न वळता फळांच्या गाड्याकडे वळावे लागेल. तिथे भाव करताना लेकराला सोबत न्यावे, मोजायचे काम त्यालाच द्यावे. आपल्याजवळचे सगळ्यांना सारखे वाटायला त्या दिवशी ते शिकेल, आणि तीस घरांनी असे केले तर वर्गाचे वर्ष बरे जाईल.