गोदामाची तपासणी

बँकेच्या सेवेत मी ३६ वर्षे काढली. त्यांतील बराच काळ कर्ज विभागात गेला. व्यापाऱ्यास कॅश क्रेडिट मंजूर झाले की दरमहा त्याचे स्टॉक स्टेटमेंट येत असे, आणि कागदावरचा माल गोदामात खरोखर आहे की नाही हे पाहण्यासाठी आमच्यापैकी कोणीतरी पूर्वसूचना न देता तेथे जाऊन उभा राही. सांगलीच्या हळदीच्या गोदामांत मी अशी पुष्कळ पोती मोजली आहेत. पुढची रांग पाहून समाधान मानायचे नाही, मागच्या पोत्यांना हात लावून पाहायचे, हे वरिष्ठांनी पहिल्याच वर्षी शिकवले होते. निवृत्तीनंतर ही सवय मी घरी घेऊन आलो आणि ती एकदा मला फार महागात पडली.

मुलगा व सून दोघेही नोकरी करतात. त्यामुळे आमची साडेचार वर्षांची नात दिवसभर आम्हां उभयतांपाशीच असते. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे होतात, म्हणून संध्याकाळ लांबच लांब वाटते. प्रारंभी त्या वेळात मी तिच्या हाती फोन देऊन स्वतः वर्तमानपत्र वाचीत बसे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे तेच लिहिले पाहिजे. एकामागून एक चित्रफिती आपोआप सुरू होत. ती गप्प आणि मी निश्चिंत. एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, पोर गप्प आहे म्हणजे सुखात आहे असं नव्हे."

सुनेने त्यावर मार्ग काढला. फोनवरच्या चित्रफिती बंद करून तिने मुलांची ई-पुस्तके आणून दिली. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ मला तिच्यामुळेच कळले. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील सचित्र गोष्टी तेथे विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. पुस्तकांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीत पानावर एखाद-दुसरेच वाक्य असते. काही पुस्तके आवाजासह मिळतात. वाचणारा जो शब्द उच्चारतो, तो पडद्यावर उजळतो. ही योजना मला फारच पसंत पडली, कारण तीत माझ्यावाचून काही अडत नव्हते!

एम. कॉम. झालेल्या माणसास स्तंभ आखल्यावाचून चैन पडत नाही. मी एक वही केली: दिनांक, पुस्तकाचे नाव, पाने, मिनिटे. दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांनी दिवसात एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी असल्यास उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. ते लक्षात ठेवून आमची मर्यादा मी ४० मिनिटांची ठरवली. त्याच मार्गदर्शनात, मूल एका जागी बसलेले असताना मोठ्या माणसाने त्याच्याबरोबर वाचावे, गोष्टी सांगाव्यात, असेही म्हटले आहे. मी मिनिटांचा आकडा तेवढा उचलला आणि पुढचे वाक्य सोडून दिले. दोन महिन्यांत वहीत २३ पुस्तके जमा झाली. नात फोन हाती धरून घडाघडा वाचू लागली. मंदिरातून परतताना भेटणाऱ्या स्नेह्यांना मी हा आकडा आवर्जून सांगत असे.

मग एका संध्याकाळी जुना तपासनीस जागा झाला. तिच्या आवडत्या पुस्तकातील एका पानावरचे चित्र मी हाताने झाकले, आवाज बंद केला आणि म्हटले, "वाच." तिने वाक्य अचूक म्हटले, परंतु बोट भलत्याच शब्दावर होते. दुसरे, अनोळखी पुस्तक उघडले. ती गप्प राहिली. पोत्यात हात घालावा आणि आत भुसा लागावा तसे मला झाले. "म्हणजे तुला वाचता येतच नाही!" मी म्हणालो. आवाज चढलाच असावा, कारण सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. नातीने फोन बंद केला, माझ्या सदऱ्याच्या खिशात नीट ठेवला आणि ती आत निघून गेली. रडली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याजवळ पुस्तक घेऊन बसली नाही. "आज्जा, तुम्ही पेपर वाचा," एवढेच म्हणे.

अखेर मी तिच्या बालवाडीतील बाईंना भेटलो. हकीकत ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, "पाठ म्हणणं ही काही लबाडी नव्हे, काका. पुस्तक कुठून सुरू होतं, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, पान संपलं की वाक्य थांबतं, कागदावरच्या खुणांतून गोष्ट निघते, एवढं सगळं ती शिकली आहे. अक्षरं त्याच्या मागून येतात. आणि फोनमधला आवाज मुलीसाठी थांबत नाही. तुम्ही थांबू शकता."

माल गोदामात होता. मी ज्याची यादी घेऊन गेलो होतो, तो मात्र नव्हता. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवल्याची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. तिच्या चित्रांत दोन्ही कन्या पित्याच्या अगदी निकट बसलेल्या असतात. त्या कथेत परीक्षा घेतल्याचे मला तरी स्मरत नाही.

मी वही कपाटात ठेवली. आवाज बंद करून तीच ई-पुस्तके स्वतः मोठ्याने वाचू लागलो. सौ. ऐकायला बसे, दोन दिवसांनी नातही तिच्या आडून डोकावू लागली आणि हळूहळू मांडीवर आली. शब्दाखालून माझे बोट फिरू लागले, तेव्हा देवनागरी चार वर्षांच्या मुलास किती अवघड आहे ते प्रथमच माझ्या ध्यानी आले. 'किडा' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते आणि उच्चार क च्या नंतर होतो. पडद्यावर सबंध शब्द एकदम उजळतो, त्यामुळे ही गंमत तेथे कळतच नाही. बोटाला मात्र तेथे थांबावे लागते. एकदा ल पाहून ती म्हणाली, "हा आमच्या बाईंचा ल नाही." तिचे खरे होते. ल आणि श यांची मराठी वळणे राज्य शासनाने २००९ साली ठरवून दिली असली, तरी संगणकावरील अनेक टंक हिंदी वळणाचे असतात. ६० वर्षे वाचत असूनही हे मी कधी पाहिले नव्हते.

उन्हाळ्यात गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले होते. नातीने माझ्या फोनवर सहा छायाचित्रे काढली. त्यांपैकी दोन तर केवळ तिच्या आज्जीच्या पावलांची. मी म्हटले, "याचंच पुस्तक करू." ती सांगत गेली, मी टंकलेखन करीत गेलो. एका वाक्यात मी 'खट्याळ' सुचवले, पण तिला 'आगाव'च हवे होते. तिचे राहिले. आज्जीने पापड घातले. कावळा आला. कावळा आगाव आहे. आज्जी ओरडली. कावळा पळाला. मी हसले. मोठ्या अक्षरांत, मराठी वळणाचा टंक शोधून, सहा पानांची पीडीएफ तयार झाली.

संध्याकाळी जेवणानंतर ती मांडीवर बसली आणि स्वतःच बोट फिरवू लागली. वाक्ये तिचीच होती, तेव्हा ती पाठ असणार हे मी गृहीत धरले होते आणि तपासण्याचा विचारही मनात नव्हता. तिसऱ्या पानावर बोट थबकले. ती पडद्याजवळ वाकली, पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"आज्जा, तुम्ही चुकलाय. इथं व राहिलाय."

मी चष्मा लावून पाहिले. 'कावळा आगा आहे.' व राहिला होता.