तीन मालकांचे पुस्तक

आमच्या शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टरचे जाडजूड खंड आहेत. एकदा नाव चढले की त्या मुलाला एक नंबर मिळतो आणि तो नंबर मरेपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. साठीचे गृहस्थ येतात, आडनावाचे स्पेलिंग कन्नडमधून इंग्रजीत जाताना बिघडले म्हणून दाखला मागतात. मी नंबर शोधतो आणि समोरच्या टक्कल पडलेल्या माणसाच्या जागी तिसरीतला मुलगा उभा राहतो. मोटारींचेही असेच असते, हे मला फार उशिरा कळले.

मोटार म्हणजे ॲस्टन मार्टिन डीबी ५. आमच्या घरात या गाडीचा उल्लेख मी कळू लागल्यापासून ऐकला. बाबांनी 'गोल्डफिंगर' मुंबईला पाहिला होता. त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी लॅम्ब्रेटा. मी पुढे उभा, आई मागे. काँग्रेस रोडला लागलो की ते हॉर्नच्या बटणावर अंगठा ठेवून विचारत, "उडवू का रे?" कारण बाँडच्या गाडीत बटण दाबले की शेजारचा माणूस सीटसकट छपरातून बाहेर! मी जिवाच्या आकांताने हँडल धरायचा. आई म्हणायची, "पुढे बघून चालवा."

या गाडीच्या नावातला 'डीबी' म्हणजे डेव्हिड ब्राऊन. हा माणूस हडर्सफील्डचा, धंदा गिअरचा आणि ट्रॅक्टरचा. 1947 साली 'टाइम्स'मधली जाहिरात वाचून त्याने ही कंपनी साडेवीस हजार पौंडांना घेतली. नांगरटीचे पैसे त्याने शर्यतीच्या मोटारीत घातले, असे आपल्याकडचा एखादा ऊसवाला म्हणेल. 1963 साली डीबी ५ आली. चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, तीन कार्ब्युरेटर, 282 अश्वशक्ती. बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवण्याची रीत मिलानच्या कारागिरांची. 1965 पर्यंत हजारावर थोड्याच गाड्या निघाल्या. चार माणसांनी सामानसुमान घेऊन देशोदेशी लांबचा प्रवास वेगाने करावा, यासाठी ती होती. मागच्या दोघांनी मात्र पाय कुठे ठेवावेत हे विचारू नये.

चित्रपटासाठी प्रामुख्याने दोन गाड्या वापरल्या. एक कंपनीचीच चाचणीची गाडी, तिच्यात यंत्रे बसवली: बंदुका, फिरत्या नंबरपाट्या, ते उडते आसन. दुसरी साधी, धावण्याच्या दृश्यांसाठी. चित्रपट जगभर चालला. आणि कंपनीने काय करावे? पहिल्या गाडीतली सगळी यंत्रे उपटली, साधा नंबर लावला आणि 1968 साली जुनी गाडी म्हणून दीड हजार पौंडांना विकून टाकली! घेणाऱ्याने स्वखर्चाने पुन्हा नकली यंत्रे बसवून घेतली. मग ती अमेरिकेत गेली. 1986 साली न्यूयॉर्कच्या लिलावात अडीच लाख डॉलर. नवा मालक तिला फ्लोरिडातल्या एका विमानतळावरच्या हँगरमध्ये ठेवी. 1997 च्या जूनमध्ये एका रात्री ती तिथून नाहीशी झाली. विमा कंपनीने 42 लाख डॉलर भरले. कोणी म्हणाले समुद्रात बुडवली, 2021 मध्ये मध्यपूर्वेत दिसल्याच्या बातम्या आल्या. शोध चालतो तो चेसिस नंबरवर. डीपी/216/1. रंग बदलेल, पाटी बदलेल, नंबर ठोकलेला असतो.

दुसऱ्या गाडीचे नशीब वेगळे. ती 1969 साली फिलाडेल्फियाच्या एका रेडिओ केंद्राच्या मालकाने बारा हजार डॉलरला घेतली आणि चाळीस वर्षे घरात सांभाळली. 2010 साली लंडनच्या लिलावात तिला 26 लाख पौंड आले. त्याने ते पैसे लोकोपयोगी कामाला दिले.

मी हे वाचत होतो तेव्हा मला सारखी यंत्रे उपटणारा तो कंपनीतला माणूस दिसत होता. तो मूर्ख नव्हता. त्याच्या अंगणात एक वापरलेली गाडी जागा अडवून उभी होती, एवढेच.

बाबा 2003 साली गेले. लॅम्ब्रेटा त्याआधी सहा वर्षे परसात फणसाखाली उभी होती, सीटमध्ये उंदरांनी घर केलेले. मला तिथे बोअर मारायची होती. भंगारवाल्याने नऊशे रुपये दिले, त्यातले पन्नास हमालीला गेले. संध्याकाळी आई परसात गेली आणि परत येऊन म्हणाली, "पुढच्या मडगार्डवरचा चरा बघितला होतास का? तू पडलास तेव्हाचा. त्यांनी कधी रंगवू दिला नाही." मी म्हटले, बघितला. बघितला नव्हता.

आरसी पुस्तक ट्रंकेत सापडले, तेही आई गेल्यावर. त्यात तीन नावे. पहिले धारवाडच्या एका डॉक्टरांचे, दुसरे निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचे, तिसरे बाबांचे. भंगारवाल्याने कागद मागितले नव्हते, मी कुठे कळवले नव्हते. त्या पुस्तकात गाडी अजून बाबांचीच आहे. मी नंबर एका चिठ्ठीवर उतरवून पाकिटात ठेवला. बायको हसली, हसण्यासारखेच आहे.

गेल्या पावसाळ्यात कॅम्पातून येताना एका गॅरेजपुढे लॅम्ब्रेटा दिसली. नवा रंग, क्रोम चकाकत होते. आजकाल तरुण मुले हौसेने जुन्या स्कूटर दुरुस्त करतात. मी छत्री मिटली आणि खाली वाकलो. गॅरेजातला मुलगा धावत आला, आमच्याच शाळेचा निघाला. "सर, घ्यायची आहे का?"

"नंबर बघतोय," मी म्हटले.

त्याने काही न विचारता कापडाने चिखल पुसून दिला. मी चिठ्ठी काढून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागलो, तो चेसिसवर बोट ठेवून जुळवत गेला. शेवटचे दोन जुळले नाहीत. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावले.