मार्कांच्या गावातल्या अक्कास

अक्का,

परवा फोनवर तू म्हणालीस, "टाटा हॉस्पिटलातून वाचवून आणलं, पण लेकरू अभ्यासात कुठं चालतंय?" मी विषय बदलला, कारण रागावलो होतो. हे तू बोलावंस? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून सहा आठवडे त्याचे रेडिएशनचे शेक पुरे केलेस ते तूच ना? तुझ्या जागी मी असतो, तर दुसऱ्याच आठवड्यात नांदेडची गाडी धरली असती.

गाठ कर्करोगाची नाही म्हणून आपण किती हरखलो होतो! डोक्यातली साधी गाठही साधी नसते, हे परळला टाटात गेल्यावर कळलं.

रेडिएशनआधी एक मॅडम त्याला ठोकळे जुळवायला, आकडे उलटे म्हणायला लावायच्या, आठवतं? तू चिडलीस, "गाठ बघायची सोडून परीक्षा कसल्या घेतात?" अगं, त्यामागे केवढं काम होतं! टाटातच डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी ३ ते २५ वर्षांच्या २०० रुग्णांवर अभ्यास केला, २००१ ते २०१२ या काळात आलेल्या. सगळ्यांच्या गाठी सौम्य किंवा हळू वाढणाऱ्या. काहींना नेहमीचं रेडिएशन, काहींना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमकं. मग पाच वर्षं त्यांचा बुद्ध्यांक पुन्हा पुन्हा तपासला. २०१७ साली निष्कर्ष छापून आला: नेमक्या किरणांनी बुद्धी जास्त टिकली, आणि जगण्यात लक्षणीय फरक पडला नाही. डाव्या कानशिलाआतल्या भागावर जास्त मात्रा गेली की बुद्ध्यांक घसरण्याचा धोका वाढतो, हेही त्यांनी आधीच दाखवलं होतं.

मग किरणं आणखी कमी का करत नाहीत, असं तू विचारशील. करून पाहिलं. मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या कर्करोगात, त्यातल्या सगळ्यात बऱ्या मानलेल्या प्रकारात, टाटाने पूर्ण मेंदू आणि कण्याऐवजी फक्त गाठीच्या जागी रेडिएशन दिलं. आजार दुसरीकडे उलटला, प्रयोग थांबवावा लागला. कमी दिलं तर गाठ परतते, जास्त दिलं तर लेकराची बुद्धी जाते. या दोहोंमधून वाट काढत त्यांनी आपला पोरगा आणला, अक्का.

आणि धर्मशाळेत शेजारच्या खोलीतले देगलूरचे गुरुजी? त्यांचा ग्लायोब्लास्टोमा. त्याची मुळं चांगल्या मेंदूत पसरतात, आणि बहुतेक औषधं रक्तातून मेंदूत शिरतच नाहीत. २००५ मध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड मिळाली, तेव्हा निम्मे रुग्ण १२.१ ऐवजी १४.६ महिन्यांपर्यंत तगले. एवढ्याला जगाने यश म्हटलं, आणि आजही मुख्य उपचार तोच आहे. गुरुजींच्या बायकोने आपल्या लेकराकडे कसं बघितलं होतं, ते तू मलाच सांगितलंस.

आता तू त्याला डॉक्टरकीसाठी 'नीट'च्या बॅचला बसवतेस. लातूरला राहून मार्कांकडे पाठ फिरवणं सोपं नाही, कबूल. वाचलेलं त्याला उशिरा कळतं, चटकन विसरतं. पण माझा बंद पडलेला मिक्सर त्याने उघडला, घाई न करता जोडला आणि चालू करून दिला. त्याला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक व्हायचंय. मला सांगतो, तुला सांगायला भितो. तुला!

क्लासची फी गेली समज. दाजींशी मी बोलतो, एमआरआयला या खेपेला मीच नेतो. तू फक्त आयटीआयचा फॉर्म भर.

तुझा,
नांदेडचा भाऊ